ढग येण्याआधीचं दंव

तुमच्या गावी सकाळी न्याहारीच्या वेळी टीव्हीवरची बाई सांगते की दुपारी पाऊस येणार, आणि दुपारी तो येतो, असं तुम्ही कळवलंत. आजी, तुमच्या वेळी हे कोण सांगायचं, असंही विचारलंत. उत्तर एका ओळीत देता आलं असतं. पण त्या ओळीला एक बाई, एक तंबाखूचं रान आणि निपाणीतली माझी काही वर्षं चिकटलेली आहेत, म्हणून सगळंच लिहिते. क्रमाने लिहिते, मला तसंच जमतं.

लग्नानंतर मी पहिल्यांदा लोंढ्याला राहिले. तुमचे आजोबा तिथे रेल्वेत होते. आमच्या क्वार्टरच्या मागच्या दारापासूनच जंगल सुरू व्हायचं. पावसाळ्यात तिथे आभाळ असं वेगळं काही उरतच नाही. ढग खाली उतरून रुळांवर बसतात. गुंजीकडून येणारी गाडी दिसत नाही, नुसती ऐकू येते. कपडे चुलीच्या धगीवर वाळवायचे, आणि मीठ बरणीतल्या बरणीत पाझरून जायचं. दुसऱ्या पावसाळ्यात मला हिवताप लागला आणि तो काही केल्या सुटेना. डॉक्टरांनी कोरड्या मुलखात जायला सांगितलं. मी बेळगावात मॅट्रिक झाले होते आणि निपाणीच्या मुलींच्या शाळेत जागा रिकामी होती. म्हणून नवरा लोंढ्याला आणि बायको निपाणीला, असा आमचा संसार सुरू झाला. लोकांना ते विचित्र वाटे. मलाही वाटे. तुमचे वडील तेव्हा झाले नव्हते. दुसरं महायुद्ध सुरू व्हायचं होतं.

हिवताप गेला. त्याच्या जागी दुसरं काहीतरी आलं, त्याला औषध नव्हतं. शाळा सुटली की मी खोलीवर यायची, दिवा पुसून ठेवायची, दुसऱ्या दिवशीचे धडे काढायची, आणि तरीही संध्याकाळ उरायची. आजोबा महिन्या-दोन महिन्यांनी येत. शेजारच्या बायका चांगल्या होत्या, पण नवऱ्यापासून लांब राहून पगार घेणाऱ्या बाईशी काय बोलावं हे त्यांना सुचत नसे. मी दिसले की त्या पदर सारखा करून बाजूला होत. मग मी पुढच्या पायरीवर बसून वर बघायची. बोलायला कोणी नसलं की माणूस आपोआप वर बघायला लागतं.

वर काय बघायचं, हे मला शाळेत भूगोलाच्या बाईंनी शिकवलं होतं. त्या आम्हाला बेळगावच्या मैदानावर उताणं झोपवून ढग दाखवत. नावं लॅटिन होती. आम्ही ती मंत्रासारखी घोकली: सिरस, क्युम्युलस, स्ट्रेटस, निंबस. तुम्हीही शाळेत हीच नावं शिकत असाल, पण ती पुस्तकात ठेवून एकदा अंगणात जा. सगळ्यांत उंच असतात ते सिरस. पिंजलेल्या कापसाचे तंतू कोणीतरी ओढून सोडलेत असे दिसतात. ते बर्फाच्या कणांचे असतात आणि स्वतः पाऊस पाडत नाहीत. मागून कोणी येत असेल तर त्याची वर्दी मात्र कधीकधी देतात. ते दाट होऊन आभाळभर पातळ दुधासारखे पसरले की सूर्याला किंवा चंद्राला खळं, म्हणजे भोवती उजेडाचं कडं, पडतं. क्युम्युलस म्हणजे दुपारचे, खालून सपाट आणि वर फुलकोबीसारखे. ते तसेच राहिले तर निरुपद्रवी. पण उन्हाळ्यात ते उंच उंच चढत जाऊन वरून ऐरणीसारखे पसरले की वळीव आलाच समजा, विजांसकट आणि कधी गारांसकट. स्ट्रेटस म्हणजे आपलं मळभ: खालचं, राखाडी, एकसारखं, बेळगावची श्रावणातली झिमझिम ज्यातून दिवसभर गळते ते. आणि निंबस हा पाऊस घेऊन आलेला काळा, ज्याला कडा दिसत नाहीत.

पाऊससुद्धा आमच्या भागात अंतराने बदलतो. घाटमाथ्यावरून पूर्वेकडे जावं तसा तो पातळ होत जातो. गुंजीला धो धो कोसळतो, बेळगावला चिखल करतो, निपाणीला पिकापुरता पडतो, आणि चिकोडीच्या पुढे बिचारे लोक ढगांच्या सावल्या जाताना बघतात. हे सगळं एका दिवसाच्या प्रवासात. पण हा नियम पश्चिमेकडून येणाऱ्या पावसाचा. हिवाळ्यात कधीतरी बंगालच्या उपसागरात वादळ उठतं आणि पाऊस उलट्या दिशेने, पूर्वेकडून येतो. तेव्हा हा नियम चालत नाही. मी सांगणार आहे ती गोष्ट अशाच पावसाची आहे.

मी ज्या घरात राहत होते त्याची मालकीण माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी होती. सगळे तिला आक्का म्हणत, मीही म्हणायची. आदल्या वर्षी तिचा नवरा गेला होता. मूलबाळ नव्हतं. घराचा पुढचा भाग तिने मला दिला होता आणि मागच्या भागात ती एकटी राहायची. चिकोडीच्या वाटेवर, पायी तासाभराच्या अंतरावर, तिचं रान होतं. त्या वर्षी पहिल्यांदाच तिने स्वतः तंबाखू लावली होती. रोज उजाडताना ती रानाकडे जायची आणि दिवेलागणीला परत यायची. हातपाय धुऊन पायरीवर माझ्या शेजारी बसायची. फारसं बोलायची नाही, पण बसायची. निपाणीत माझ्या शेजारी आपणहून येऊन बसणारं ते एकच माणूस होतं.

मी वर बघत असले की ती टोमणा मारायची. "मास्तरीणबाई, काय सापडलं का वर? आमचं मालक दिसलं तर सांगा, म्हणावं विहिरीवरची मोट फाटलीया."

तिच्या थोरल्या दिरांनी पेरणीच्या वेळीच तिला सांगून ठेवलं होतं. ते मला तिनेच एका संध्याकाळी सांगितलं. यंदा कर, म्हणाले. तंबाखू नीट घरात आली तर रान तुझं तू कर, मी मध्ये पडणार नाही. हातची गेली तर पुढल्या सालापासून रान मी करणार, आणि तू आमच्या घरी येऊन राहायचं. दीर वाईट नव्हते. आपल्या भावाच्या बायकोला आपण सांभाळलं पाहिजे, असंच त्यांना वाटत होतं. पण त्यांच्या घरी जाऊन राहणं म्हणजे काय, हे आक्काला ठाऊक होतं. चार जावा-सुनांच्या चुलीमागे, कोणी वाढेल तेव्हा जेवायचं. ती म्हणाली, "मी हाय तवर चूल माझी असावी. एवढंच हाय माझं."

आता तंबाखूबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. तिकडे सुगीत झाड कापून तिथेच रानात जमिनीवर पसरून ठेवतात. दिवसा ऊन लागतं, रात्री दंव पडतं, आणि असं उन्हात-दंवात उलटसुलट होत पानाला रंग चढतो. मधेच पाऊस आला तर पानावरचा चीक धुऊन जातो, पान काळं पडतं आणि सगळी मेहनत मातीत. हे मला ठाऊक होतं. निपाणीत कोणालाही ठाऊक असतं. सुगीत साऱ्या गावाला तोच वास असतो.

मार्गशीर्ष संपत आला होता. आक्काची तंबाखू कापून पसरलेली होती आणि तिच्या हिशेबाने अजून तीन-चार उन्हं लागणार होती. त्या दिवशी मधल्या सुट्टीत मी आजोबांना पत्र टाकायला पोस्टात गेले. पोस्टाच्या भिंतीवर एक फळी होती. वादळ-पावसाचा धोका असला की पुण्याहून तार यायची आणि तिचा मजकूर इंग्रजीतच त्या फळीवर लावत. कधीकधी कचेरीतून दवंडीही पिटत, पण तोवर बहुधा पाऊस येऊन गेलेला असे. वाचणारे थोडे, आणि वाचून विश्वास ठेवणारे त्याहून थोडे. त्या दिवशीच्या कागदावर लिहिलं होतं की उपसागरातलं वादळ मद्रासच्या किनाऱ्यावर आलं असून पुढच्या दोन दिवसांत दक्षिण दख्खनमध्ये बऱ्याच ठिकाणी पाऊस होण्याचा संभव आहे.

बाहेर ऊन इतकं स्वच्छ होतं की डोळे मिटावे लागत होते. पण आग्नेयेकडे, खूप उंच, कापसाचे तंतू ओढलेले होते. शाळा सुटेपर्यंत ते निम्म्या आभाळावर आले. मी वर्गाची किल्ली शिपायाकडे दिली आणि घरी न जाता चिकोडीच्या वाटेला लागले. त्या वाटेवर मी तोवर कधी एकटी गेले नव्हते.

आक्का बांधावर दोन बायकांबरोबर भाकरी खात होती. मला बघून ती उठलीच. कोणी गेलं की काय, असं तिच्या चेहऱ्यावर आलं. मी कागदाचं सांगितलं. तेवढ्यात शेजारच्या आपल्या रानातून दीरही आले. त्यांची तंबाखूही तशीच पसरलेली होती.

त्यांनी मान वर करून आभाळ पाहिलं आणि हसले. शाळेत आता आभाळ पण शिकवतात का, म्हणून विचारलं. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, मास्तरीणबाई, ढग आले तर आम्हाला दिसतीलच की. दिसले की उचलू, आमचे हात काय कुठे गेले नाहीत.

मलाही ते बरोबर वाटलं. मी आक्काला तसंच म्हटलं: उद्या दुपारपर्यंत वाट बघ, खालचे काळे ढग दिसले की लगेच गोळा कर.

आक्का खाली वाकली, एका झाडाचं पान दोन बोटांत धरलं आणि चुरलं. पानाचा भुगा झाला.

"असं हाय बघा दुपारचं," ती म्हणाली. "हात लावला की चुरा. पहाटं दंवानं वलं हुतंय तवा उचलायचं, मगच सगळं येतंय. आन् ढग आलं की त्या रातीला दंव पडत न्हाय. ढग दिसल्यावर काय उचलू, भुगा?"

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. ढगाळ रात्री जमिनीची ऊब वर निघून जात नाही, म्हणून दंव पडत नाही, हे मी दरवर्षी मुलींना फळ्यावर चित्र काढून शिकवत होते. पण त्या चित्रात तंबाखू नव्हती. आणि आक्काला दंवाचं सगळं ठाऊक होतं, पण ढग कधी येणार ते सांगणारा कागद तिच्याकडे नव्हता. दोन्ही गोष्टी त्या बांधावर एकत्र आल्या तेव्हा दोघींनाही कळलं की जे काय करायचं ते येत्या पहाटेलाच. त्यानंतर वेळ नाही.

दीर म्हणाले, कच्ची उचललीस तर ढिगात तापून कुजेल. पावसाने गेली तर देवाने नेली म्हणता येईल, ही मात्र तुझ्या हाताने जाईल. ते खरं होतं. ते गेल्यावर आक्काने मला विचारलं, तुमचा तो कागद खोटा ठरतो का कधी. मी सांगितलं, ठरतो, पुष्कळदा ठरतो. दक्षिण दख्खन म्हणजे इथपासून पार बल्लारीच्या पलीकडपर्यंतचा मुलूख. त्यात कुठेतरी पडेल एवढंच ते सांगतात. निपाणीत पडेलच असं कोणी लिहिलेलं नाही.

"म्हंजे पावसालाच अजून ठरवायचं हाय," ती म्हणाली.

"होय."

"आन् तुमी काय म्हंता?"

तिची चूल माझ्या शब्दावर टांगलेली होती. आणि खरं सांगायचं तर त्यात माझंही काही होतं. तिला दिरांच्या घरी जावं लागलं तर पायरीवर मी एकटीच उरणार होते. मी वर पाहिलं. सूर्य पश्चिमेला कलला होता आणि त्याच्याभोवती पुसट खळं उमटलं होतं. मी तिला ते दाखवलं. पदराची सावली डोळ्यांवर धरून तिने ते नीट पाहिलं.

"उचल आक्का," मी म्हटलं.

आम्ही गावाकडे निघालो. वाटेत तिने रानाजवळच्या वाडीत तीन-चार दारं ठोठावली आणि पहाटेसाठी बायका सांगून ठेवल्या.

मीही गेले. पाठीवर घोंगडी घेऊन, अंधार विरळ व्हायच्या वेळी. त्या बायकांनी माझ्या पायांतल्या चपला काढायला लावल्या आणि मला एका ओळीच्या टोकाला उभं केलं. पातळ ढगांना न जुमानता दंव पडलं होतं. बेताचंच, पण पडलं होतं. पानं रुमालासारखी मऊ झाली होती. दोन्ही हातांनी झाड खालून उचलायचं, झटकायचं नाही, कवेत घेऊन ढिगापर्यंत न्यायचं. ओल्या तंबाखूचा चीक हातांना, गालांना, पदराला चिकटला. थोड्या वेळात माझं डोकं गरगरायला लागलं आणि मी बांधाला जाऊन ओकले. एक म्हातारी म्हणाली, मास्तरीण तंबाखू न खाताच झिंगली, आणि सगळ्या हसल्या. कोणीतरी माझ्या तोंडात गुळाचा खडा घातला, आणि मी परत ओळीत गेले. मला आठवतं, इतक्या बायकांच्या मध्ये, खांद्याला खांदा लावून, मी निपाणीत आल्यापासून पहिल्यांदाच उभी होते.

उन्हं वर येईपर्यंत सगळं रान रिकामं झालं. रानातल्या खोपीत ढीग रचून वर ताडपत्री आणि कडब्याच्या पेंढ्या घातल्या. शेजारच्या रानात दिरांची तंबाखू तशीच पसरलेली होती. ते बांधापर्यंत येऊन आमच्याकडे पाहून गेले.

तो दिवस कोरडा गेला. शाळेत माझं लक्ष खिडकीबाहेर होतं. संध्याकाळी वारा पूर्वेचा झाला आणि खालचं राखाडी मळभ आलं. ती रात्र उबदार गेली. पहाटे मी अंगणातल्या तुळशीच्या पानाला हात लावून पाहिला. पान कोरडं होतं. ढग बघून गडबडीने रानात गेलेल्या लोकांच्या हातात भुगा आला. काहींनी घागरींनी पाणी शिंपडून पानं मऊ करायचा प्रयत्न केला. दुपारी पाऊस सुरू झाला. वळिवासारखा गर्जत नाही, तर बेळगावच्या झिमझिमीसारखा, बारीक आणि न थांबणारा. तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पडत होता.

आजोबांना मी सगळं कळवलं. त्यांचं उत्तर आलं की लोंढ्याला नुसतं दुधी आभाळ होतं, थेंबही पडला नाही. जिथे वर्षाचा सगळा पाऊस कोसळतो तो मुलूख कोरडा, आणि आमच्या कोरड्या निपाणीत पाणी.

ऊन पडल्यावर आक्काने ढीग उघडला. मधली काही पानं तापून काळवंडली होती. बाकीची तिने पुन्हा पसरली आणि राहिलेली उन्हं दिली. रंग पहिल्या प्रतीचा आला नाही, पण माल घरात आला. दिरांचा बराचसा गेला. ते एके दिवशी घरी आले, पायरीवर बसून पाणी प्याले आणि आक्काला म्हणाले, रान तुझं. मग जाता जाता म्हणाले, पण गावात बसून रान होत नाही.

ते शेवटचं वाक्य आक्काच्या डोक्यात राहिलं. संक्रांतीनंतर तिने खोपीच्या जागी दोन खणांचं घर बांधायला घेतलं. मला वाटलं, सुगीत राहण्यापुरतं असेल. एका संध्याकाळी तिने सांगितलं की मागचा भाग एका व्यापाऱ्याला माल ठेवायला दिलाय, पाडव्यानंतर ती रानातच राहायला जाणार.

इथूनच जाऊन येऊन करता येईल की, मी म्हटलं. यंदा केलंसच ना. हे मी दोन-तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी म्हटलं.

"रान राहिलं की गं बाई," ती शेवटी म्हणाली. पहिल्यांदाच तिने मला मास्तरीणबाई म्हटलं नाही. "आता त्याला सोडून हितं बसू व्हय?"

ती गेली. मागच्या खोल्यांत व्यापाऱ्याची पोती आली आणि भिंतीपलीकडून माणसाच्या हालचालीऐवजी नुसता वास यायला लागला. पहिले काही महिने आक्का बाजारदिवशी येऊन जायची. मग रानातली कामं वाढली आणि ती दुसऱ्यांबरोबर निरोप धाडू लागली. हळूहळू तिच्या वाडीचे लोक आणि आजूबाजूच्या वाड्यांचेही माझ्या पायरीशी थांबायला लागले. फळीवर काय लावलंय ते मी त्यांना मराठीत सांगायची, आणि कागद केवढ्या मुलखासाठी आहे तेही सांगायची. ते वर बघत, माझ्याकडे बघत, "बरं झालं सांगितलं" म्हणत आणि निघून जात. आधी पदर सारखा करून बाजूला होणाऱ्या बायकाही आता विचारायला येत. सगळे उभ्याउभ्याच विचारत. बसायला सांगितलं तर म्हणत, आभाळ आलंय, जायला पाहिजे.

तुमच्या आजोबांची बेळगावला बदली झाली तेव्हा मी निपाणी सोडली. त्या दिवशी चिकोडीत शाळेच्या वरिष्ठांना भेटायचं काम होतं, म्हणून त्या वाटेने जाणारी सर्व्हिसची मोटार, म्हणजे बस, मी धरली. आक्काच्या घरावर नवी कौलं होती. दाराशी चूल पेटलेली होती, धूर सरळ वर जात होता. ती रानाच्या मधोमध उभी होती. मी खिडकीतून हात बाहेर काढला. मी आभाळात काही दाखवतेय असं वाटून की काय, तिने कपाळावर हात आडवा धरला आणि पूर्वेकडे, वर पाहिलं. तिथे दुपारचे पांढरे क्युम्युलस होते, त्यांत काही नव्हतं. मोटार पुढे निघून गेली.